नवगावची टेकाडे तशीच राहू द्या, दगड मात्र वाचून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक यहुदी समाजाच्या, दफनभूमींत साफसफाई सुरू होते. नव्याचा सण (यहुदी नववर्ष), दारफळणीचा सण (योम किप्पुर, उपासाचा दिवस) आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण हे दहा-अकरा दिवस पूर्वजांच्या आठवणीचे. परगावी आणि परदेशी गेलेल्या घराण्यांकडून याच सुमारास पैसे येतात, ठेकेदार ठरतो आणि त्याच्या अंदाजपत्रकात ठरलेली चार कामे असतात: ॲसिडने धुणे, सिमेंटने सांधे भरणे, अक्षरांत काळा ऑइल पेंट भरणे, मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवणे. हेतू चांगला असतो, पण या चार कामांनी जेवढा मजकूर पुसला जातो तेवढा शंभर पावसाळ्यांनीही पुसला जात नाही. म्हणून हे पत्र.

या सगळ्या दफनभूमींची आई म्हणजे अलिबागच्या उत्तरेला, किहीम आणि थळच्या शेजारचे नवगाव. समाजाची परंपरा अशी: खांदेरी-उंदेरीजवळच्या समुद्रात गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि किनाऱ्याला लागलेले मृतदेह नवगावला दोन टेकाडांखाली पुरले, पुरुषांचे वेगळे, स्त्रियांचे वेगळे. त्या सात जोडप्यांचा वंश पुढे कोकणभर पसरला. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकऱ्यांनी नाव दिले ‘शनिवार तेली’. ज्या गावात घर केले त्या गावाचे आडनाव झाले: किहीमचे केहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर, रोह्याचे रोहेकर, आणि अर्थात नवगावकर.

गलबत कधी फुटले याचे आकडे पुष्कळ सांगितले जातात. कोणी इ. स. पूर्व दुसरे शतक म्हणतो, कोणी त्याच्या कितीतरी नंतरचा काळ सांगतो. यांतला कुठलाही आकडा टेकाडांवर कोरलेला नाही. त्यांवर नाव नाही, साल नाही, लेख नाही. शेजारी अलीकडच्या काळात स्मारक उभारले आहे, तेवढीच काय ती अक्षरे. हा ऐवज आहे तो तोंडी परंपरेचा आणि जागेचा. परंपरा समाजाचा इतिहास लिहिणाऱ्या केहीमकरांसारख्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवली. जागा मात्र एकच आहे आणि ती एकदा हलली की परत मिळत नाही.

टेकाडांबाबत आमचे म्हणणे त्यामुळे थोडक्यात सांगता येते. खणू नये. यहुदी धर्माचारात पुरलेल्याला हलवणे वर्ज्य आहे, तेव्हा ‘एकदा उत्खनन करून सोक्षमोक्ष लावा’ ही सूचना मुळातच बाद. वर ओटा, फरशी, कठडा यांपैकी काही बांधू नये. ओट्याचा पाया म्हणजे खणणेच, आणि फरशीखाली अडलेले पाणी कडेने वाट काढते व उतार कापत जाते. गवत उपटू नये, विळ्याने चार बोटे ठेवून कापावे. मुळे आहेत म्हणून माती जाग्यावर आहे. टेकाडाची उंची आणि उतार साध्या ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) दर मीटरला मोजून कागदावर उतरवले, आणि दर वर्षी पावसाआधी व पावसानंतर त्याच चार जागांवरून फोटो काढले, तर माती कुठून सुटते ते दोन-तीन वर्षांत दिसते. सुटते तिथे नारळाच्या काथ्याची जाळी अंथरून गवत लावणे पुरते.

जमिनीत न खणता पाहायचेच असेल तर जमिनीत रेडिओलहरी सोडणारा रडार वापरता येतो. पण तो ऑक्टोबरात आणून उपयोग नाही. ओल्या चिकणमातीत आणि खाऱ्या ओलीत लहरी मरतात, हातभर खोलीनंतर पडद्यावर नुसता धुरळा दिसतो. एप्रिल-मेमध्ये, जमीन पार वाळल्यावर, अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या पट्ट्यांनी फिरवला तर खड्ड्याच्या कडा कळू शकतात. हाडे दिसत नाहीत. दिसते ती ढवळलेल्या मातीची सीमा. हे आधी सांगून ठेवावे लागते, नाहीतर लोक सांगाड्याच्या चित्राची वाट पाहत बसतात.

आता दगड. नवगावात आणि पुढे अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागांतल्या दफनभूमींत नंतरच्या काळातल्या कबरी आहेत. काहींवर नुसते अनघड धोंडे आहेत, काही चुन्याने बांधलेल्या आहेत, काहींवर काळ्या फत्तराचे किंवा संगमरवराचे लेख आहेत. लेख बालबोध मराठीत, हिब्रूत, इंग्रजीत, पुष्कळदा दोन भाषांत एकाखाली एक. एक गैरसमज इथे सर्रास आढळतो: हिब्रू अक्षरे म्हणजे दगड फार जुना. कोकणात बहुधा उलटेच असते. हिब्रूचे शिक्षण या समाजात सर्वदूर पोचले ते एकोणिसाव्या शतकात, कोचीनहून आलेल्या शिक्षकांमुळे आणि मिशनऱ्यांच्या शाळांमुळे. जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२चे. त्याआधीच्या पिढ्यांना शेमा ही प्रार्थना तोंडपाठ होती, लिपी येत नव्हती. तेव्हा हिब्रू कोरलेला सुबक दगड आणि शेजारचा बिननावाचा धोंडा यांत धोंडाच थोरला असण्याची शक्यता जास्त. साफसफाईत पहिला बळी जातो तो याच धोंड्याचा. ‘इकडचे मोकळे दगड उचलून कुंपणाला लावा’ असे सांगितले की एक अख्खी पिढी कुंपणात जाते.

म्हणून एकही दगड न उचलता आधी नकाशा करावा. दोन टोकांना खुंट्या ठोकून (कबरींपासून लांब) सरळ दोरी ताणायची, तिच्यावर टेप अंथरायचा आणि प्रत्येक कबरीचे डोके व पायथा दोरीपासून काटकोनात किती अंतरावर येतात ते लिहायचे. कबरीची दिशा कंपासने अंशांत लिहावी, ‘पूर्व-पश्चिम’ एवढ्यावर भागवू नये. पाच-दहा अंशांच्या फरकाने कबरींचे गट वेगळे पडलेले दिसतात. मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका. उघड्या आभाळाखालीही तो तीन ते पाच मीटर चुकतो आणि तेवढ्यात दोन-तीन कबरी बसतात. आकडा दगडावर रंगवायचा नाही. नकाशावर लिहायचा आणि फोटो काढताना पाटीवर लिहून शेजारी धरायचा.

झिजलेला लेख वाचायला खडू, पीठ, दाढीचा फेस, कोळसा असे नाना प्रकार वापरतात. यांतले काहीही नको. पिठावर बुरशी येते, खडू सच्छिद्र दगडात बसून राहतो, फेसातले आम्ल-साबण आत मुरतात. दगडाला हात न लावता लेख वाचता येतो, त्याला लागतो फक्त तिरपा उजेड. दुपारी बाराचे ऊन समोरून पडते तेव्हा दगड कोरा वाटतो. तेच ऊन पृष्ठभागाला घासत आले की बोटालाही न कळणारी खाच सावली टाकते. पूर्वेला तोंड असलेला दगड सकाळी उशिरा वाचावा, ऊन त्यावरून सरकत जाऊन अगदी कडेने पडते तेव्हा. उत्तरेला तोंड असलेल्यावर हिवाळ्यात ऊन पडतच नाही. त्यासाठी तीन फूट उंच आरसा घेऊन एकाने उन्हात उभे राहायचे आणि उजेडाचा पट्टा बाजूने दगडावर सरकवायचा, दुसऱ्याने फोटो काढायचे. रात्री हेच काम टॉर्चने होते: टॉर्च दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून, दहा अंशांच्या आत. चार फोटो किमान हवेत, उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून, कारण उभी रेघ बाजूच्या उजेडात उठते, आडवी वरच्या-खालच्या. देवनागरीत हे फार लागते. डावी-उजवीकडून प्रकाश टाकला की शिरोरेखा गायब होते आणि ‘घ’चा ‘ध’, ‘म’चा ‘भ’ वाचला जातो.

मजकूर उतरवताना ओळीला ओळ ठेवावी, दुरुस्ती करू नये. ऱ्हस्व-दीर्घ आजच्या नियमाने असणार नाही आणि एकच नाव दोन दगडांवर दोन तऱ्हांनी येईल. नावे मराठी वळणाची असतात: शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी. मुंबईतले समाजाचे पहिले सभागृह (सिनेगॉग) १७९६ मध्ये बांधणारे दिवेकर हे दोन्ही नावे एकत्र वागवत, सामाजी हसाजी. नोंदीत कोणी उत्साहाने ‘सॅम्युअल’ लिहून टाकले की पुढच्या शोधणाऱ्याला सामाजी सापडत नाही. संशयित अक्षर चौकटी कंसात, गेलेल्या अक्षरांच्या जागी तेवढी टिंबे. आडनावावरून जन्मगाव ठरवू नका. पेणकर म्हणजे कुठलातरी पणजोबा पेणला होता एवढेच.

हिब्रू सालाशी गाठ पडते तिथे चुका सर्वांत जास्त होतात, म्हणून जरा सविस्तर. साल अक्षरांनी लिहितात आणि अक्षरांची बेरीज करायची असते. तव ४००, रेश २००, नून ५०. तव-रेश-नून म्हणजे ६५०. हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो, तेव्हा हे ५६५० साल. हजार गाळून उरलेल्या आकड्यात १२४० मिळवले की इसवी सन येतो: ६५० अधिक १२४०, म्हणजे १८९०. पण यहुदी वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते, त्यामुळे महिना तिश्री, हेश्वान किंवा किसलेव असेल तर एक वजा करायचा, १८८९. तेवेत महिना डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर येतो, तिथे यहुदी पंचांग उघडल्याशिवाय काही लिहू नये. शिवाय दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. रात्री आठला गेलेल्या माणसाची हिब्रू तारीख इंग्रजी तारखेपेक्षा एका दिवसाने पुढची असते. एकाच दगडावर असा फरक दिसला तर ती कोरणाऱ्याची चूक नव्हे, उलट मृत्यूची वेळ कळली.

अक्षरांचा गोंधळ ठरलेला आहे. दालेत (४) आणि रेश (२००) यांत फरक फक्त कोपऱ्याचा, बेत (२) आणि काफ (२०) यांतही तेच, हे (५) आणि हेत (८) यांत डाव्या पायाची वरची फट भरली की झाले. लिपी न येणाऱ्या पाथरवटाने कागदावरून नक्कल कोरली असेल तर ही फट मुळातच नसते. पडताळा असा: अक्षरे मोठ्याकडून लहानाकडे उतरत जातात. तव आणि नून यांच्या मध्ये दालेत वाचला तर क्रम मोडतो, म्हणजे तो रेश. सुरुवातीला एकटा ‘हे’ असेल तर तो पाच नव्हे, पाच हजार. पंधरा आणि सोळा हे आकडे ९+६, ९+७ असे लिहितात, कारण सरळ लिहिले तर देवाच्या नामाची अक्षरे होतात. शके दिलेले असेल तर ७८ मिळवावेत, जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९.

वाचून झाले की मग धुणे, आणि तेही गरजेपुरते. शेवाळ आहे म्हणून दगड मरत नाही. लेख वाचता येत असेल तर राहू द्या. धुवायचेच तर आधी दगड भरपूर पाण्याने भिजवा, म्हणजे मळ आत शोषला जात नाही. नायलॉनचा मऊ ब्रश, साधे पाणी, खालून वर घासत जायचे, नाहीतर वरचे घाण ओघळ कोरड्या दगडावर पट्टे उमटवतात. दगडफुलाची पोपडी बांबूच्या चिपेने, ओली करूनच. लोखंडी तारेचा ब्रश अक्षरांच्या कडा खातो आणि त्याचे तुटलेले केस गंजून तांबडे ठिपके ठेवतात. ॲसिड संगमरवराला विरघळवते, यात अतिशयोक्ती नाही. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ॲसिड टाकल्यावर जो फेस येतो तो मळाचा नसून दगडाचा असतो. पांढराशुभ्र दिसतो तो नवा उघडा पडलेला थर, आणि खरबरीत झालेल्या त्या थरावर पुढच्या पावसात शेवाळ दुप्पट धरते. काळा फत्तर ॲसिडला तसा दाद देत नाही, पण त्यातले लोह सुटून गंजाचे ओघळ येतात. ब्लीचिंग पावडरही नको. तिचे क्षार आत राहतात.

क्षारांचे हे प्रकरण किनाऱ्यावर फार महत्त्वाचे. दगडात आणि चुन्यात समुद्राचे मीठ असतेच. पाणी आत-बाहेर करते तसे ते विरघळते, सुकताना स्फटिक होते आणि फुगते. सांधा चुन्याचा असेल तर तो दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र, पाणी त्यातून उडते आणि झिजतो तो सांधा. चुना दर पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा भरता येतो. सिमेंटने सांधा बुजवला की पाण्याला वाट उरते ती दगडाच्या तोंडाची. मीठ तिथे, अक्षरांच्या मागे, फुगते आणि लेखाचा पापुद्रा सुटतो. दहा वर्षांनी सिमेंट ठणठणीत आणि दगड भुसभुशीत, हे चित्र किनाऱ्यावर कुठेही दिसेल. लोखंडी पट्ट्या व खिळ्यांचेही असेच: गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि दगड आतून फोडतो. पट्टी लागलीच तर स्टेनलेस स्टीलची.

सांध्यासाठी विरवून दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली नदीची वाळू दोन भाग, सुरखी (विटांची भुकटी) एक भाग. समुद्राची वाळू वापरली तर मीठ आपणच आणून भरले. जुना सांधा हाताने, छिन्नीने, सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल काढायचा. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडेला कायमची खाच पडते. भरल्यावर गोणपाट ओले ठेवून किमान दहा दिवस. घाई केली तर चुना वाळतो, धरत नाही, आणि मग ‘चुन्यात दम नाही, सिमेंटच बरे’ असे म्हणायला लोक मोकळे.

पडलेला दगड उचलण्याआधी त्याचे वजन काढा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, चार इंच जाड फत्तर सव्वाशे किलोच्या आसपास भरतो. दोघांनी उचलायला गेले की कोपरा तुटतो किंवा पाय. पहार थेट कडेखाली घालू नये, मध्ये लाकडी ठोकळा हवा. उभा करताना जुन्याच खाचेत, तळाशी खडी, बाजूने वाळू आणि बारीक खडी ठासून. काँक्रीटमध्ये पक्का केलेला दगड पुढे वादळात किंवा फांदी पडून हलला तर बरोबर जमिनीच्या रेषेत मोडतो, सैल बसवलेला नुसता कलतो. खाच मोठी करायला खणायचे नाही. सांध्यातून उगवलेला पिंपळ ओढून काढायचा नाही, दगड बरोबर येतो; बुडाशी कापून कापाला लगेच तणनाशक लावायचे आणि मूळ आत वाळू द्यायचे. मोठे झाड असेल तर फांद्या हलक्या कराव्यात, मुळांना हात लावू नये. मुळे कुजली की खाली पोकळी होते आणि कबर खचते.

हे सगळे करून जमीनच हातातून गेली तर काय उपयोग, म्हणून एक कागदाची गोष्ट. अलिबाग-किहीम पट्ट्यात जमिनीचे भाव काय झालेत ते सांगायला नको. कुठल्याही समाजाच्या दफनभूमीखालची जमीन महसूल नियमांप्रमाणे पोटखराब वर्ग ‘ब’मध्ये मोडते, ती आकारणीतून वगळलेली असते. सात-बारावर ही नोंद आहे का, वर्ग ‘अ’ आहे की ‘ब’, आणि क्षेत्र प्रत्यक्ष मोजणीशी जुळते का, हे पाहा. नोंद नसेल तर जुने फेरफार आणि भूमी अभिलेख कार्यालयातला मूळ मोजणीचा नकाशा काढावा. त्यावर दफनभूमी पुष्कळदा दाखवलेली असते. शोधताना लक्षात ठेवा, १९८१ पूर्वीची दप्तरे ‘कुलाबा जिल्हा’ या नावाखाली आहेत. कुंपण घालण्याआधी मोजणी, नंतर नव्हे. कुंपणाबाहेर राहिलेल्या दोन कबरी ही पुढच्या अतिक्रमणाची सुरुवात असते, आणि कुंपण आपणच घातलेले असल्यामुळे तक्रारीला जागा राहत नाही.

केलेली नोंद मोबाइलमध्ये ठेवून चालणार नाही. इस्रायलमधल्या दिमोना-अश्दोदच्या नातवंडांना मराठी बोलता आले तरी बालबोध वाचता येईलच असे नाही, तेव्हा प्रत्येक लेखाची देवनागरी प्रत, रोमन लिप्यंतर आणि हिब्रू तारखेचे रूपांतर असे तीन रकाने करावेत. कागदावर छापलेली एक प्रत गावाच्या सभागृहात, एक ग्रामपंचायतीत, एक जिल्हा ग्रंथालयात द्यावी. नकाशा पेन्सिलने किंवा भारतीय शाईने काढावा; बॉलपेनची शाई कोकणच्या दमट हवेत पसरते.

आपले,
दफनभूमींच्या नोंदी करणारे काही वाचक, अलिबाग